शस्त्रक्रियेची तालीम

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारी एखादी बाई उजव्या बरगडीखाली कळ येते म्हणून चार-सहा महिने ओवा, हिंग आणि सोड्यावर काढते. मग एके रात्री कळ सोसेनाशी होते आणि घरची माणसे तिला गाडीत घालतात. पुणे-बंगळूर हमरस्त्यावर गाडी उत्तरेस वळली तर कोल्हापूर, दक्षिणेस वळली तर बेळगाव. सीमेचा वाद २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे; पित्ताशयातल्या खड्यांना त्याचे सोयरसुतक नसते. सोनोग्राफी होते, खडे दिसतात, शस्त्रक्रिया ठरते, आणि संमतिपत्र पुढे येते. कोणती शस्त्रक्रिया करावयाची ते त्या कागदावर छापलेले असते. ती करणाऱ्या हाताची ही कितवी शस्त्रक्रिया आहे, हे त्यावर नसते. विचारावे असे कित्येकांच्या मनात येते, परंतु डॉक्टरांना असे कसे विचारावे, या संकोचाने प्रश्न ओठांवरच राहतो.

प्रश्न मात्र गैर नाही. शल्यविशारद कितीही थोर असो, त्याच्या आयुष्यात पहिली शस्त्रक्रिया केव्हातरी झालेलीच असते. ग्रंथ वाचून व्याधी ओळखता येईल, औषधही देता येईल. परंतु सुरी धरणारा हात ग्रंथाने तयार होत नाही. तो करता करताच बसतो. आता तो बसावा कोणाच्या देहावर?

याचे उत्तर जगाने शतकभर न बोलता देऊन ठेवले होते. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यशिक्षणाची जी घडी बसविली, तीच थोड्याफार फरकाने सर्वत्र गेली. शिष्याने रुग्णालयातच राहावे, गुरूच्या शेजारी उभे राहून पाहावे, मग गुरूच्या नजरेखाली करावे, आणि पुढे स्वतः इतरांस शिकवावे. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा दक्षिणेकडील संस्थानांतून आणि बेळगावच्या बाजूनेही रोगी बैलगाड्यांतून तेथे येत. तेथील साहाय्यकही मेजाशेजारी उभे राहूनच शिकले. या पद्धतीने उत्तम शल्यविशारद घडविले यात शंका नाही. परंतु शिकाऊ हाताखाली जे देह आले ते बहुतांशी धर्मार्थ आणि सरकारी वॉर्डांतील गरिबांचे होते, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. खासगी खोलीतल्या श्रीमंताचे पोट वरिष्ठ डॉक्टरने स्वतः उघडावयाचे, आणि फुकट खाटेवरच्या रोग्यावर विद्यार्थ्याने हात बसवावयाचा, हा जवळजवळ जगभराचा रिवाज. रोग्याला उपचार मिळे, विद्यार्थ्याला विद्या मिळे. या देवघेवीत सौदा असा कोणी उच्चारून केला नाही, एवढेच.

पोट मोठ्या छेदाने उघडले जात होते तोवर या पद्धतीस एक मोठा आधार होता. शिष्याचा चिमटा भलतीकडे वळला की गुरूचा हात त्याच्या हातावर येई. दोघांचे डोळे एकाच जखमेत, दोघांची बोटे एकाच नसेवर.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा आधार काढून घेतला. १९८७ साली फ्रान्समधील लिआँ येथे फिलिप मूरे याने पोटावर काही लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साह्याने पित्ताशय काढले. त्याआधी दोन वर्षे जर्मनीत एरिक म्यूए याने ते साधले होते, पण त्याच्याकडे त्याच्या देशबांधवांनी लक्ष दिले नाही. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० सालच्या मे महिन्यात, डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांच्या हातून. श्रीमंतांच्या रुग्णालयात नव्हे, तर सरकारी रुग्णालयात ती आधी झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. छेद लहान, वेदना कमी, आणि रोजावर जगणारी माणसे लवकर कामावर परत जातात. गरिबालाच तिचा लाभ अधिक, असे उडवाडिया आग्रहाने सांगत.

परंतु करणाऱ्याच्या हाताला ती अवघड. पोटाच्या भिंतीतील छिद्र हा टेकू होतो, आणि लांब दांड्याचे उपकरण त्याभोवती होडीच्या वल्ह्याप्रमाणे फिरते: मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जाते, मूठ वर उचलली की टोक खाली उतरते. नजर हातावर नसते, समोरच्या सपाट पडद्यावर असते. पडद्यावर लांबी आणि रुंदी दिसते, खोली मात्र अदमासाने जाणावी लागते. बोटांस मांसाचा मऊपणा वा नाडीची धडधड लागत नाही. दांड्यातून जे काय कळेल तेवढेच. शिवाय गुरू शेजारी असला तरी त्याचा हात आत पोहोचत नाही. उपकरण हिसकावून घेणे किंवा तोंडाने सांगणे, एवढेच त्याच्या हाती उरते. आणि सांगून होईपर्यंत विजेच्या उष्णतेने जे जळावयाचे ते जळून गेलेले असते.

जळते काय, हेही सांगावयास हवे. पित्ताशयाची आखूड नळी यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेस मिळते. पित्ताशय काढताना ती आखूड नळी बांधून कापावयाची असते. सूज असली, चिकटपणा असला, की मुख्य नलिकाच आखूड नळीसारखी दिसू लागते, आणि नवख्याने ती कापली तर काविळीपासून पुन्हा पुन्हा होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांपर्यंतची यातना रोग्याच्या वाट्यास येते. अमेरिकेतील सदर्न सर्जन्स क्लबने ५५ शल्यविशारदांच्या ८,८३९ शस्त्रक्रियांचा हिशेब १९९५ साली मांडला. त्यांत मुख्य नलिकेस इजा झाल्याचे १५ प्रसंग होते, आणि त्यांतील नव्वद टक्के त्या त्या शल्यविशारदाच्या पहिल्या तीस शस्त्रक्रियांत घडलेले होते. गणिताने जो अंदाज निघाला तो असा: पहिल्या शस्त्रक्रियेत इजेची शक्यता शंभरात १.७, पन्नासाव्या शस्त्रक्रियेत ०.१७. म्हणजे एकाच माणसाच्या हातून, एकाच शस्त्रक्रियेत, धोका दसपट कमी झाला. मधल्या एकोणपन्नास रोग्यांनी ही विद्या त्याला दिली. हे लोक नवशिके विद्यार्थी नव्हते. उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेले होते. तरीही नवी कला त्यांना नवख्यासारखीच शिकावी लागली.

विमानविद्येपुढे हाच प्रश्न आधी उभा राहिला होता. न्यूयॉर्क संस्थानातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा बाजाचे ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. पेटीला जसे भाते असतात तसल्याच भात्यांवर त्याने १९२९ साली लाकडी विमानाचे एक खोके बसविले. ते कलंडे, वळे, डोलत राही, परंतु जमीन सोडीत नसे. प्रथम जत्रेतले खेळणे म्हणूनच लोकांनी ते घेतले. १९३४ साली अमेरिकी लष्कराने टपालाची विमाने चालविण्याचे काम अंगावर घेतले आणि धुक्यात व रात्री केवळ उपकरणांवर विमान हाकण्याची सवय नसलेले वैमानिक काही आठवड्यांतच बळी पडले, तेव्हा लष्कराने ही खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांत बसून शिकले. बेळगावकरांना याचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात येणाऱ्या रंगरूटाला कोणी पहिली गोळी रणांगणावर झाडावयास लावीत नाही, आणि गल्लीगल्लीतील तालमीत घुमल्याशिवाय मल्ल मैदानात उतरत नाही.

वास्तविक ही कल्पना पश्चिमेचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय केवळ यासाठीच आहे. सुश्रुताने त्यास ‘योग्या’ असा शब्द वापरला आहे; कामास योग्य करणारा अभ्यास तो योग्या. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. फोडण्याचा सराव पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. शिरेस छिद्र पाडणे शिकावे ते मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून मार्ग शोधणे शिकावे ते किडीने पोखरलेल्या लाकडावर. आतली वस्तू ओढून काढणे शिकावे ते फणसाच्या आणि बेलफळाच्या गरातून. टाके घालावे जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्टी बांधावी मनुष्याकृती बाहुल्यावर. कितीही शास्त्र ऐकलेला असो, ज्याने हा अभ्यास केला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अयोग्य, असा निर्णयही सुश्रुताने देऊन टाकला आहे. कोणत्या कृतीसाठी कोणती वस्तू निवडावी, याची ही यादी वाचताना ती लिहिणाऱ्याने भोपळा आणि फणस स्वतः चिरून पाहिले असले पाहिजेत, याबद्दल संशय राहत नाही.

आज या भोपळ्याची जागा संगणकाने घेऊ पाहिली आहे. त्याला ‘आभासी वास्तव’ असे नाव पडले आहे. नाव जरा जड आहे, पण रुळले. त्याचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात डोळ्यांवर मोठा चष्मा चढवावयाचा. की चहूकडे शस्त्रक्रियागृह दिसू लागते, मान वळवावी तिकडे भूलतज्ज्ञ, परिचारिका, मेज, दिवा. हातातल्या मुठी हलविल्या की पडद्यातले हात हलतात. हाडांच्या शस्त्रक्रियेतील पायऱ्यांचा क्रम, कोणते उपकरण केव्हा मागावे, अकस्मात रक्तदाब उतरला तर कोणी काय करावे, अशा गोष्टींस तो उपयोगी. दुसरा प्रकार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा. मेजावर एक पेटी, तिच्यातून बाहेर आलेल्या खऱ्या उपकरणांच्या मुठी, आणि समोर पडदा. पडद्यावर यकृत, पित्ताशय, नळी, धमनी. मूठ ओढली की चित्रातले पित्ताशय ताणले जाते; चांगल्या यंत्रात मुठीसही ओढ लागते. भलतीकडे कापले की चित्रात रक्त येते. या यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते सारे मोजते. किती वेळ लागला, उपकरणाच्या टोकाने किती अंतर उगाच भटकंती केली, डावा हात किती वेळ निष्क्रिय राहिला, किती वेळा उष्णतेचे टोक नको तेथे टेकले. गुरूच्या नजरेतून सुटेल ते यंत्राच्या वहीतून सुटत नाही. आणि तीच चूक, तेच पित्ताशय, शंभर वेळा पुन्हा मांडता येते.

याचा खऱ्या रोग्यावर काही उपयोग होतो काय? अमेरिकेतील येल विद्यापीठात याची कसोटी घेण्यात आली. तिचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध झाला. सोळा निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे शिक्षण, दुसऱ्याला त्याखेरीज यंत्रावर सराव. नंतर सर्वांनी खऱ्या रोग्याच्या यकृतापासून पित्ताशय सोडविले, आणि कोण कोणत्या गटातला हे शेजारच्या वरिष्ठास ठाऊक नव्हते. यंत्रावर शिकलेल्यांनी ते काम २९ टक्के कमी वेळात केले. न शिकलेल्यांकडून पित्ताशयास इजा होणे किंवा भलताच भाग जळणे पाचपट अधिक संभवले. मध्येच अडून पुढे काहीच न सुधरण्याचा प्रकार नऊपट. विशेष म्हणजे त्या वेळच्या त्या यंत्रात पित्ताशय नव्हतेच. पडद्यावर नुसते गोल आणि चौकटी होत्या. त्या धरावयाच्या, हलवावयाच्या, नेमक्या ठिकाणी उष्णता द्यावयाची. उलट्या फिरणाऱ्या वल्ह्याची हातास सवय झाली, एवढ्यानेच हा फरक पडला. सोळा ही संख्या लहान आहे, हे खरे. तथापि पुढे इतरत्र झालेल्या कसोट्यांनी तोच कल दाखविला.

बेळगावात वैद्यकीय शिक्षणाचा पाया १९६३ साली घातला गेला. १९१६ पासून शिक्षणकार्य करीत आलेल्या के. एल. ई. संस्थेने त्या वर्षी जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढले. २००६ साली संस्थेच्या वैद्यकीय शाखेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आता तेथे पुतळे व यंत्रे यांवर शिकविणारे सिम्युलेशन केंद्रही आहे. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शहरात निराळे आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाशी निगडित सरकारी महाविद्यालय आहे. म्हणजे निपाणी, संकेश्वर, चिकोडी या टापूतला रोगी उत्तरेस जावो की दक्षिणेस, तो बहुधा अशा ठिकाणी पोहोचतो की जेथे कोणीतरी शिकत असतो. १९ साली, म्हणजे २०१९ मध्ये, देशातील वैद्यकीय अभ्यासक्रम बदलला आणि प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा असणे नियमाने आवश्यक झाले. सुश्रुताची योग्या अशी अडीच हजार नव्हे तरी दोन हजार वर्षांनी सरकारी नियमात आली.

मृतदेहावरील शिक्षणाने हे काम भागणार नाही काय, असे कोणी विचारील. देहदानाची परंपरा या जिल्ह्यात मोठी हृद्य आहे. येथल्या एका वैद्याने आपला देह महाविद्यालयास द्यावा आणि त्याचे विच्छेदन आपल्या अध्यापक मुलानेच करावे, अशी इच्छा लिहून ठेवली होती, आणि २०१० साली मुलाने विद्यार्थ्यांसमोर ती पूर्ण केली. शरीराची रचना शिकण्यास त्यासारखा गुरू नाही. परंतु औषधात राखलेला देह ताठरतो, त्यास रक्तस्राव होत नाही, आणि एकदा कापलेली नळी दुसऱ्या विद्यार्थ्यास कापावयास उरत नाही. देह रचना शिकवितो, यंत्र हालचाल शिकविते. एकाने दुसऱ्याचे काम होणार नाही.

आणि यंत्राने न होणारे कामही मोठे आहे. खऱ्या पोटात सुजेने सारे एकवटलेले असते, त्याचा चिकटपणा कोणत्याही पडद्याला अजून नीट साधलेला नाही. नळी ओळखू येत नाही तेव्हा न कापता थांबणे, दुर्बीण बाजूस ठेवून पोट उघडणे, वरिष्ठास बोलावणे, हा विवेक बोटांत नसतो. यंत्रावर उत्तम गुण मिळविणाऱ्याला फाजील आत्मविश्वास जडण्याचे भयही आहे. म्हणून यंत्रावरून उठलेला विद्यार्थी थेट रोग्याकडे नव्हे, तर गुरूच्या शेजारीच गेला पाहिजे.

खरी अडचण मात्र निराळीच आहे. अशी यंत्रे महाग असतात. ती घेतली जातात, तपासणी-समिती येते तेव्हा त्यांवरची धूळ पुसली जाते, आणि एरवी खोलीस कुलूप असते, असे प्रकार देशात अपरिचित नाहीत. निवासी डॉक्टरला छत्तीस तासांच्या पाळीनंतर त्या खोलीत जाण्याची शुद्ध नसते, आणि शिकविणाऱ्या वरिष्ठास त्या कामाबद्दल वेळही मिळत नाही, श्रेयही मिळत नाही. यंत्र नुसते असण्याने रोग्याचे काही भले होत नाही.

त्यातून पैशाचा प्रश्न वाटतो तितका अवघडही नाही. हाताला प्राथमिक वळण लावण्यास संगणकाची गरज नसते. प्लॅस्टिकचे खोके, वर दोन भोके, आत एक साधा कॅमेरा किंवा मोबाइल, आणि खोक्यात खुंट्या, रबराचे तुकडे, गॉझ, दोरा. प्राथमिक कौशल्यापुरते हे खोके महागड्या यंत्राच्या फारसे मागे पडत नाही, असेच पुष्कळ तुलनांत दिसून आले आहे. अमेरिकेत सामान्य शल्यशास्त्राची मान्यता मिळविण्यापूर्वी जी दुर्बीण-कौशल्याची परीक्षा द्यावी लागते, तीही अशाच खोक्यावर होते: रबराचे तुकडे एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेणे, गॉझवर काढलेले वर्तुळ रेषेवरून कापणे, आत गाठ मारणे. तालुक्याच्या गावातला शल्यविशारदही असे खोके आपल्या दवाखान्यात मांडू शकतो. नेत्रवैद्य बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवितात, ते तर खाटकाकडून मिळतात.

खरे महत्त्व आहे ते मापाला. इतके तास सराव केला म्हणून सोडावयाचे, की इतके कौशल्य आले म्हणून सोडावयाचे? तासांची नोंद ठेवणे सोपे, म्हणून नियम बहुधा तासांचेच होतात. येलच्या कसोटीत तास मोजले नव्हते. प्रथम चार अनुभवी शल्यविशारदांना त्याच यंत्रावर बसविले, त्यांना किती वेळ लागतो व किती चुका होतात ते टिपले, आणि तीच रेघ विद्यार्थ्यांपुढे आखली. ती रेघ एकदा गाठून भागत नव्हते. लागोपाठ दोनदा गाठावी लागे. कोणी लवकर गाठली, कोणाला पुष्कळ बैठका लागल्या. रेघ गाठेपर्यंत शस्त्रक्रियागृहाचे दार मात्र कोणासही उघडले गेले नाही.